गळ्यापर्यंत भरलेली टाकी

रामनवमीनंतरच्या गुरुवारी, सकाळी पावणेबाराच्या सुमारास, अमरावतीहून चांदूर बाजारला जाणाऱ्या रस्त्यावर बाबांची गाडी बंद पडली. बाबा सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि गाडीत एकटे होते. कोणालाही इजा झाली नाही. मागून येणाऱ्या शेअर जीपच्या चालकाने चार प्रवासी उतरवून गाडी कडेच्या बाभळीखाली ढकलली आणि बाबांच्या खिशातल्या डायरीतला पहिला नंबर लावला. तो माझा होता. मी अकोल्यात होते. चालक म्हणाला, "ताई, बाबाजी ठीक हायेत, पन गाडी सोडून यायले तयार नाहीत. जीपमधे चला म्हटलं तं माह्यावरच खेकसले." चाळीस मिनिटांनी गाडी काहीही न करता पुन्हा सुरू झाली आणि बाबा ती चालवत घरी परतले. दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ होती. शनिवारी मी अमरावतीला गेले आणि गाडीची चावी काढून घेतली.

ते का केले आणि त्याचे काय झाले, हे या प्रकरणात लिहायचे आहे. पण त्याआधी ती गाडी आमच्या घरात कशी राहत होती ते सांगावे लागेल, कारण माझ्या लहानपणाचा बराच भाग त्या गाडीत गेला, आणि त्यातला बहुतेक ती उभी असताना.

गाडी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अचलपूरच्या एका डॉक्टरांनी वापरलेली होती. रंग धुरकट हिरवा, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून, पुढची सीट सलग, बाकासारखी. बाबा कापसाची प्रत ठरवण्याचे काम करत. बोंडातला कापूस चिमटीत धरायचा, दोन्ही अंगठ्यांनी ताणायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचे आणि प्रत सांगायची. पट्टी त्यांच्या खिशात असे, पण ती बाहेर काढलेली मी पाहिली नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत ते दर्यापूर, चांदूर बाजार, हिवरखेड असे फिरत. सोबत तुळशीरामकाका असत. ते वजनकाट्यावर काम करत, चांदूर बाजारचे राहणारे, बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, आणि बाबांना 'किसन्या' म्हणणारे एकमेव माणूस. बाबा घरात फार बोलत नसत. तुळशीरामकाका आले की ओसरीवर दोघांचे तासन् तास चाले, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणे, "आता पाह्य, कसं तोंड उघडलं."

पावसाळ्यात गाडी चालवायची नाही, असा घरात नियम होता. काळ्या मातीचे रस्ते ओले झाले की चाकाला माती गुंडाळत जाते आणि चाक मडगार्डात अडकते, हे एक कारण. दुसरे, कापूस नसल्यामुळे बाबांना फिरती नसे. मृगाच्या आदल्या रविवारी गाडी पेट्रोलपंपावर नेली जाई आणि टाकी गळ्यापर्यंत भरली जाई. गळ्यापर्यंत म्हणजे अगदी गळ्यापर्यंत. पंपावरचा माणूस नळी काढायला लागला की बाबा त्याला थांबवत, मागचा बंपर धरून गाडी दोनदा हलवत, आत अडकलेली हवा बुडबुड करत वर येई, आणि पुन्हा थोडे पेट्रोल बसे. मग झाकणाखाली मेण लावलेल्या कापडाची चकती. टाकीत हवा राहिली की हवेचे पाणी होते, पाण्याचा गंज होतो, आणि गंज लागलेली टाकी म्हणजे मेलेली गाडी. हे बाबांना करीमचाचांनी सांगितले होते. करीमचाचा म्हणजे बाबांचे मिस्त्री. इतवारा बाजाराकडच्या त्यांच्या गॅरेजात बाबा चपला बाहेर काढून जात, ते पाहून लोक हसत.

घरी आल्यावर गाडी पत्र्याखाली लागे, चारी चाकांखाली विटा, वर ताडपत्री, सुतळीचे फास. दसऱ्याला ताडपत्री निघे. मधले चार महिने माझ्याकडे एक काम असे. दर रविवारी डिकीतली सतरंजी बाजूला करून बोटाच्या पेराने टाकी वरपासून खालपर्यंत ठोकायची. पेट्रोल असेल तिथे आवाज मुका येतो, नसेल तिथे वाजतो. मुका आवाज कुठून सुरू होतो ते बाबांना सांगायचे. माझ्या मैत्रिणींच्या घरी हे काम कोणाला नव्हते, कारण त्यांच्या घरी गाडीच नव्हती.

पावसाळा हा आमच्या घरातला सर्वांत शांत काळ होता. आई दर्यापूरच्या शाळेत शिक्षिका होती. उन्हाळ्या-हिवाळ्यात ती बसने जाऊन-येऊन करी, पण पूर्णेला पूर आला की बस कधी पोहोचेल याचा भरवसा नसे, म्हणून जुलै ते सप्टेंबर ती आठवडाभर तिथेच एका सहशिक्षिकेकडे राही आणि शनिवारी येई. सोमवार ते शनिवार घरात बाबा आणि मी. सकाळी ते खिचडी टाकत. संध्याकाळी पुन्हा तीच खिचडी गरम होई, वर तेल आणि जवसाची चटणी. शाळा दुपारी सुटे आणि बाबा कचेरीतून सातला येत. त्या चार-पाच तासांत घरात शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नसे. लाइट गेले की तोही थांबे.

मी ताडपत्रीची एक बाजू उचलून गाडीत जाऊन बसे. आत हिरवट अंधार असे. ताडपत्रीला एक भोक होते आणि त्यातून उजेडाची एक रेघ स्पीडोमीटरवर पडे. जुन्या रेक्झिनचा वास आणि त्याखाली पेट्रोलचा, कोरडा आणि टोकदार, नाकात वरपर्यंत जाणारा. तिथे बसून मी गृहपाठ केला, वर्तमानपत्राच्या रद्दीतल्या बातम्या मोठ्याने वाचल्या, आणि कधी काही न करता बसले. कोणी मला शोधायला येत नसे, कारण कोणी नव्हतेच. पुढे चौतीस वर्षे मी अकोल्याच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून काढली. सहकारी विचारत, एवढ्या गोंगाटात तुम्हाला काम कसे सुचते. मला तो गोंगाट आवडत असे. का, हे तेव्हा कोणाला सांगितले नाही.

शनिवारी आई पाचच्या बसने उतरे. तिच्या पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कोणी शेतकऱ्याने दिलेली अंबाडीची भाजी, आणि माझ्यासाठी भाजलेल्या शेंगा. ती पदर खोचून थेट चुलीकडे वळे आणि घर आवाजांनी भरून जाई. रविवारी टाकी ठोकून झाली की बाबा तिच्यासमोर मला विचारत, "काय म्हणते टाकी?" आई म्हणे, "बापलेकीचं एवढंच बोलनं. लोक पोरीले अभ्यास विचारतात."

मी अकरा वर्षांची असताना, पोळ्याच्या नंतरच्या रविवारी, मुका आवाज आठवड्यापूर्वीपेक्षा तीन बोटे खाली आला होता. मी बाबांना सांगितले. त्या वेळी तुळशीरामकाका ओसरीवर होते. ते म्हणाले, "अरे किसन्या, पोट्टीचं काय ऐकतं. काडी घालून माप." बाबांनी काडी घातली नाही. "ते म्हनते म्हनजे उतरलीच," असे म्हणून ते गोणपाट घेऊन गाडीखाली गेले. टाकीच्या तळाचा स्क्रू ढिला झाला होता आणि पेट्रोल थेंबथेंब विटांच्या भुग्यात मुरत होते. खाली ओल दिसत नव्हती, वास मात्र होता. बाबांनी स्क्रू आवळला, हात धुतले आणि जेवायला बसले. त्यावर पुन्हा बोलणे झाले नाही.

पंधराव्या वर्षी मी गाडी शिकवा म्हणाले. बाबांनी विचारले, "तुले कुठं जायचं हाये?" मला खरोखरच जायला कुठे नव्हते. पुढे नोकरीसाठी अकोल्याला गेले ती बसने. गाडी चालवायला शिकले तीही अकोल्यातच, चाळिशी ओलांडल्यावर, एका ड्रायव्हिंग स्कूलच्या लहान गाडीवर. परवाना काढला, गाडी घेतली नाही. लग्न केले नाही. आई गेल्यावर बाबा अमरावतीला एकटे राहिले आणि मी दर शनिवारी सकाळच्या बसने त्यांच्याकडे जाऊ लागले.

आता अलीकडचे.

बाबांची गाडी अजून होती आणि ते ती चालवत होते. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आठवड्यातून एकदा, गुरुवारी, चांदूर बाजारला, तुळशीरामकाकांकडे. काकांना अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षे झाली होती. उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. त्यांचे बोलणे सुनेला कळत नसे, मुलाला अर्धे कळे. बाबांना सगळे कळे. समोर बसून, ओठांकडे आणि डाव्या हाताकडे बघत बाबा ते समजून घेत. फोनवर मात्र बाबांनाही काही समजत नसे. दोनदा प्रयत्न करून दोघांनी सोडून दिला होता. म्हणजे गुरुवार चुकला की त्या दोघांचा संबंध आठवडाभर तुटत असे. बसच्या पायऱ्या बाबांना गुडघ्यांमुळे चढवत नव्हत्या. मी एकदा भाड्याची गाडी ठरवून दिली. बाबा एकदाच गेले. "भाड्याचा मानूस बाहेर घड्याळ पाहत बसते. अशात तुळशीराम कवा एक वाक्य पुरं करन?" ते म्हणाले.

आदल्या वर्षी पावसाळ्याआधी टाकी भरण्याचे काम मी केले होते. म्हणजे बाबा सोबत होते, पण बंपर धरून गाडी मी हलवली. पंपावर पेट्रोलमध्ये किती मिश्रण आहे हे सांगणारा एक छोटा फलक लागलेला होता. मी तो वाचला. गळ्यापर्यंत भरा, असे पंपावरच्या मुलीला सांगितले. चार महिने गाडी पूर्वीसारखीच झाकून राहिली. दसऱ्याला ती सुरू झाली, पण धडपणे चालेना. चढावर आचके देई. थंडीत थोडी सुधारली. उन्हे तापू लागली तशी ती रस्त्यात बंद पडू लागली.

बाबांनी पहिल्या वेळेपासून एकच सांगितले. "पेट्रोल बदललं. याचा वास वेगळा हाये. गोड येऊन राह्यला."

"बाबा, पेट्रोल गोड कसं असन?"

"मी काय चाखून पाह्यलं? वास म्हनतो मी."

मी वास घेऊन पाहिला. मला पेट्रोलचा वास पेट्रोलसारखाच वाटला. आणि दर वेळी असे होई की गुरुवारी बंद पडलेली गाडी शनिवारी मी आल्यावर पहिल्या झटक्यात सुरू होई. मी तिला अंगणात दहा मिनिटे चालू ठेवून पाही. ती नीट चाले. बंद पडतानाचे साक्षीदार एकटे बाबा होते. आमच्या कामात एक शिस्त होती: एकाच माणसाच्या सांगण्यावरून काही छापायचे नाही. मी ती शिस्त घरी वापरली. माझ्या वहीत त्या काळातल्या नोंदी आहेत. गॅसची शेगडी एकदा चालू राहिली. एका शनिवारी त्यांनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला. चष्मा डोक्यावर असताना शोधला. गाडी तीनदा बंद पडली. या चारही नोंदी मी एकाखाली एक लिहिल्या, आणि एकाखाली एक लिहिल्यामुळे त्या एकाच गोष्टीचा पुरावा दिसू लागल्या.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. पेट्रोलमध्ये उसापासूनचे अल्कोहोल मिसळण्याबद्दलची एक बातमी, काही वर्षांपूर्वी, माझ्या टेबलावरून गेली होती. शेवटच्या परिच्छेदात एका जाणकाराने म्हटले होते की जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांनी ते तपासून घ्यावेत. त्या दिवशी जागा कमी होती. बातमी नेहमी खालून कापतात. मी ती खालून कापली.

चावी काढून घेतली तो शनिवार. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. मी म्हणाले की तुम्ही गाडी सुरू करताना ओढलेला चोक परत आत ढकलायला विसरता, म्हणून इंजिन पेट्रोलने भरते आणि गाडी बंद पडते. रस्त्यावर ट्रक असतात. पुढच्या वेळी कोणी ढकलायला नसेल.

"चोक मी उन्हाळ्यात ओढतच नाही," बाबा म्हणाले.

"ओढत असाल, आठवत नसेल."

त्यांनी पेपर मिटून मांडीवर ठेवला. मग विचारले, "तुले असं वाटते?"

"हो."

त्यांनी बंडीच्या खिशातून चावी काढली आणि पेपरवर ठेवली. वाद घातला नाही. मला वाद अपेक्षित होता, त्याची तयारीही करून आले होते. ती चावी मी अकोल्याला नेली.

वैशाख, ज्येष्ठ, आषाढ गेले. बाबा चांदूर बाजारला गेले नाहीत. त्यांनी भाड्याची गाडीही मागितली नाही. शनिवारी मी गेले की घरात बदल दिसत. भिंतीवरच्या घड्याळाला चावी देणे त्यांनी बंद केले होते. शेगडीचे बटण बंद आहे का ते पाहायला जेवताना दोनदा उठत. दूधवाल्याचे पैसे दिले का, असे मला विचारत, आणि मी दिले म्हटले तरी, "नक्की ना?" म्हणत. एकदा म्हणाले, "सुमन, मी काही उलटसुलट करून राह्यलो तं तू सांगत जाजो. मले आता समजत नाही." मी वहीत तेही लिहिले.

गाडी विकावी असे मी श्रावणात ठरवले. घेणाऱ्याला चालू करून दाखवावी लागेल म्हणून रशीदभाईंना बोलावले. रशीदभाई करीमचाचांचे धाकटे चिरंजीव, साठीचे, गॅरेज तेच. ते आले, बॉनेट उघडले, आणि पेट्रोलची नळी दोन बोटांत दाबली. नळी दबली आणि दबलेलीच राहिली. भिजून फुगलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखी ती दिसत होती. त्यांनी ती ओढली तर टोक हातात तुटून आले.

"ताई, ही गाडी कोन चालवत होतं?"

"बाबा. एप्रिलपर्यंत."

"पेटली नाही हे नशीब समजा." त्यांनी पंप खोलला. आतला पडदा कडक होऊन चिरला होता. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी साचली होती, आणि फिल्टर गंजाच्या चिखलाने बुजला होता. टाकीच्या तळाचे पेट्रोल त्यांनी एका काचेच्या बाटलीत काढले आणि बाटली विटेवर ठेवली. दहा मिनिटांनी बाटलीत दोन थर झाले, खाली गढूळ आणि वर पिवळसर, मध्ये स्पष्ट रेघ.

"नीचे वाला पानी आन् स्पिरिट," रशीदभाई म्हणाले. "आताच्या पेट्रोलमधे उसाचं स्पिरिट असते. ते हवेतलं पानी पेत राह्यते. नव्या गाडीले चालते, तिचं रबर वेगळं. याचं रबर त्या जमान्याचं. आन् स्पिरिट टाकीतला जुना गंज सोडवते, तो सगळा फिल्टरमधे येते. उन्हात लाइन गरम झाली, की पेट्रोलची वाफ होते आन् गाडी बंद. थंडी झाली, की चालू."

"चाळीस मिनिटांत?"

"आधा घंटा, चाळीस मिनिट. कावून, तुमाले कसं मालूम?"

मी नळीचे तुटलेले टोक उचलून पाहिले. त्यांनी विचारले, "चार महिने टाकी फुल करून ठेवली होती का?"

"हो. आमच्याकडे तशीच ठेवतात. करीमचाचांनी सांगितलेलं."

रशीदभाई हसले आणि हात पुसू लागले. "अब्बानं तुमच्या बाबाले जे सांगतलं ते सही होतं. त्या पेट्रोलले सही होतं. आता उलटं. ठेवायची असन तं टाकी खाली करा, कार्बोरेटर सुकू द्या. तुमी जेवढी जास्त काळजी घेतली ना ताई, तेवढं नुकसान केलं."

बाबा हे सगळे ओसरीवरून बघत होते. मी तुटलेली नळी आणि बाटली त्यांच्यापुढे नेली. म्हणाले की पेट्रोलच बदललं होतं, तुमचं बरोबर होतं, माझी चूक झाली. त्यांनी नळी हातात घेतली, कापूस ताणावा तशी दोन्ही अंगठ्यांनी ताणली, आणि तिचा चुरा बोटांना लागला. बाटलीचा त्यांनी वास घेतला. मग ती ओसरीच्या कडेला ठेवली.

"नळी तं गेलीच," ते म्हणाले. "पन म्हनून मी चांगला हाये, असं कुठं होते? शेगडी मीच चालू ठेवली होती ना?"

"एकदाच, बाबा."

"तूच लिहून ठेवलं."

वही दर शनिवारी माझ्या पिशवीत असे, पण तिच्याबद्दल मी त्यांना कधी सांगितले नव्हते.

गाडी विकायचे मी सोडून दिले. दुरुस्तीला पाच आठवडे लागले. टाकी उतरवून धुतली. नळ्या नव्या मिश्रणाला टिकणाऱ्या रबराच्या बसवल्या, पंपाचा पडदा नागपूरहून मागवला. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. मी चावी हळदकुंकू लावून ताटात ठेवली आणि ताट बाबांपुढे धरले. त्यांनी गाडीला फूल वाहिले. चावी उचलली नाही. पुरणपोळी दीड खाल्ली आणि दुपारी झोपले.

पुढच्या गुरुवारी गाडी घेऊन मी एकटीच चांदूर बाजारला गेले. रशीदभाईंनी स्टिअरिंगजवळचा गिअर दोन सकाळी शिकवला होता. पहिला आणि तिसरा माझ्या हातून सरळ पडत नव्हते. तासाभराच्या रस्त्याला मला पावणेदोन तास लागले. तुळशीरामकाका खाटेवर उशीला टेकून बसवलेले होते. मला पाहून त्यांनी दाराकडे पाहिले आणि माझ्यामागून कोणी येत नाही हे कळेपर्यंत तिकडेच पाहत राहिले. मग बोलू लागले. खूप बोलले. डावा हात वर-खाली करत, मध्येच थांबून, एकच आवाज तीन-तीनदा काढत. मला एक शब्द कळला नाही. सुनेला विचारले तर ती म्हणाली, "आमाले बी समजत नाही ताई. किसनकाका यायचे तवाच मामाजीचं बोलनं पुरं व्हायचं." मी फोन समोर धरून त्यांचे बोलणे चित्रित केले. चार मिनिटे बारा सेकंद.

संध्याकाळी ते बाबांना दाखवले. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ घेतला. एकदा पाहिले. परत लाव म्हणाले. दुसऱ्यांदा पाहताना त्यांचे ओठ हलत होते. मध्ये एका ठिकाणी ते हसले. आवाज न करता, फक्त खांदे.

"काय म्हणतात काका?"

"म्हनते, गाडीचा आवाज आला तं वाटलं किसन्या आला. मंग गिअर ऐकला." बाबांनी फोन खाली ठेवला. "म्हनते, हे कोन भंगारवालं गाडी चालवून राह्यलं."

"आणि पुढे? एवढं मोठं बोलणं आहे."

"पुढचं माह्यासाठी हाये," बाबा म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतरचे दोन गुरुवार मी एकटीच गेले. अकोल्याहून बुधवारी येऊन राहत होते. दोन्ही वेळा चित्रण केले आणि बाबांनी ते पाहिले. दुसऱ्या वेळी काका जेमतेम दीड मिनिट बोलले.

चौथ्या गुरुवारी, सकाळी सव्वानऊला, मी ताडपत्री काढत असताना बाबा अंगणात आले. टोपी घातलेली होती, पायात बूट होते. त्यांनी हात पुढे केला आणि मी चावी दिली. ते स्टिअरिंगवर बसले, चोक किंचित ओढला, गाडी सुरू केली, चोक आत ढकलला आणि इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवून ऐकत राहिले. मग उतरले, गाडीला पुढून वळसा घालून डावीकडे गेले आणि आत बसून दार ओढून घेतले. मी उजवीकडे बसले. "क्लच पुरा दाब," ते म्हणाले. आम्ही नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी निघालो आणि साडेदहाच्या आधी चांदूर बाजारला पोहोचलो.